पहिल्या टप्प्याची जबाबदारी कुणाची? विमान वाहतूक राज्यमंत्र्यांना कोल्हापुरातून खुलं पत्र

मा. मुरलीधर मोहोळ साहेब,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री

सप्रेम नमस्कार.

आपण कोल्हापूरच्या तालमीत मेहनत केलेले. त्यामुळं उजळाईवाडीचा विमानतळ कुठं आणि शिरोलीचा पूल कुठं हे आपल्याला सांगायला नको. राजारामपुरीत विमानाची तिकिटं काढून देण्याचा माझा धंदा आहे. गिऱ्हाईक ठरलेलं: जर्मनी-आयर्लंडला शिकायला निघालेली पोरं, अमेरिकेत लेकीच्या बाळंतपणाला जाणारे आईवडील, मशिनरीची प्रदर्शनं बघायला जाणारे गोकुळ शिरगावचे फौंड्रीवाले. या सगळ्यांना आधी मुंबई, बंगळूर नाहीतर हैदराबाद गाठावं लागतं. आमच्या लोकांचं परदेशाचं विमान चुकतं ते बहुतेक वेळा याच पहिल्या टप्प्यात. दुबई किंवा फ्रँकफर्टला चुकलं तर पुढची सोय कंपनी करते, कारण ते तिकीट एक असतं. मुंबईत चुकलं तर कुणीच करत नाही, कारण तिथवरचं तिकीट वेगळं असतं.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. इथली एक मुलगी मास्टर्ससाठी जर्मनीला निघाली. दुपारचं कोल्हापूर-मुंबई विमान आणि रात्रीचं परदेशी विमान, मधे चांगले सात तास. ढग खाली आलेले, विमान मुंबईहूनच निघालं नाही. आधी एक तास, मग दोन तास, मग "थोड्या वेळात सांगतो" असं करत शेवटी साडेचार तास उशीर झाला. तिला एक सामोसा आणि ज्यूसचा डबा मिळाला, आणि नियमानं तेवढंच मिळायला हवं होतं! मुंबईत उतरली ती एक नंबर टर्मिनलला. पट्ट्यावरून दोन बॅगा येईपर्यंत थांबायचं, मग रस्त्यानं सहारच्या दोन नंबर टर्मिनलला जायचं. आंतरराष्ट्रीय काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. ती पोचली तेव्हा तो बंद झाला होता.

पुढचं ऐकण्यासारखं आहे. कोल्हापूरच्या विमानाची कंपनी म्हणाली, तुमचं पुढचं तिकीट आमच्याकडचं नाही. परदेशी कंपनी म्हणाली, तुम्ही वेळेत आला नाही, म्हणजे नो-शो, आणि परतीचं तिकीटही त्याबरोबर रद्द. साहेब, कायद्यानं दोघंही बरोबर होते. माझं म्हणणं या 'बरोबर' असण्याबद्दलच आहे.

आपल्या डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतूक महासंचालनालयाचा, उशीर आणि रद्द उड्डाणांबद्दलचा नियम मी गिऱ्हाइकांना समजावून सांगत असतो. विमान रद्द झालं आणि वेळेत कळवलं नाही, तर उड्डाणाच्या कालावधीप्रमाणे 5,000, 7,500 किंवा 10,000 रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे कोल्हापूर-मुंबई तिकीट स्वस्तात मिळालं असेल तर भरपाईही तेवढीच. ती सुद्धा हवामानासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण नसेल तरच. उशिराला तर रोख भरपाई नाहीच. इथल्यासारख्या छोट्या उड्डाणाला दोन तासांनंतर चहा-फराळ, आणि सहा तासांच्या वर गेलं तर दुसरं विमान किंवा पैसे परत. जोडविमान चुकल्याचा उल्लेख नियमात आहे, पण पुढचं विमान 'त्याच तिकीट क्रमांकावर' असेल तर. आमची अडचण या तीन शब्दांत आहे. कोल्हापूरहून सुटणारं विमान आणि पुढचं परदेशी विमान एका पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, मिळणं दुर्मीळ. छोट्या मार्गांवर उडणाऱ्या बहुतेक कंपन्यांचे परदेशी कंपन्यांशी तसे करारच नसतात. कोल्हापूरकर दोन तिकिटं काढतो ती हौसेनं काढत नाही.

युरोपात काय आहे, हे तिकडं शिकणारी पोरंच मला सांगतात. युरोपीय संघाच्या 261/2004 या नियमाखाली शेवटच्या मुक्कामाला तीन तास किंवा जास्त उशिरा पोचलात तर अंतराप्रमाणे 250 ते 600 युरो. जोडविमान चुकून उशीर झाला तरी तो धरतात. तिथंही बुकिंग एकच लागतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. भारत 2009 मध्ये माँट्रियल करारात, म्हणजे आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईच्या करारात, सामील झाला. त्यात उशिरामुळं झालेल्या नुकसानीची जबाबदारी कंपनीवर आहे, आणि 28 डिसेंबर 2024 पासून तिची मर्यादा माणशी 6,303 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे. आपल्या रुपयांत ती काही लाखांत जाते. पण तिथंही सगळा प्रवास एकच ठरला पाहिजे. कुठल्याही दारानं आत जा, दोन पीएनआरवाला माणूस बाहेरच उभा.

सध्या मी गिऱ्हाइकाला काय सांगतो? आदल्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं जा, दिवसभर अंधेरीत खोली घ्या, रात्री विमान पकडा. मार्च 2024 मध्ये उजळाईवाडीला नवं टर्मिनल झालं, छान झालंय, बघायला लोक येतात. आणि ज्याला खरोखर लांब उडायचंय त्याला मी रेल्वे स्टेशनवर पाठवतो. रस्त्याचं म्हणाल तर 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि गाड्या जागच्या जागी थांबल्या. पोरांची परदेशी कॉलेजं सुरू होतात ती ऑगस्ट-सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे नेमकी आमच्या पावसाची आणि पुराची वेळ गाठून.

म्हणून मागणी. छोट्या शहरांना विमानानं जोडणाऱ्या उडान योजनेत सरकार कंपन्यांना तूट भरून देतं, शुल्कात सवलती देतं. मग मार्ग देतानाच अट घाला, की या विमानानं मोठ्या विमानतळावर जाऊन पुढं परदेशी जाणाऱ्या प्रवाशाला किमान एका मोठ्या कंपनीबरोबर एकत्र तिकीट मिळालं पाहिजे आणि बॅग थेट शेवटपर्यंत गेली पाहिजे. हे होईपर्यंत, प्रवाशानं चेक-इनच्या वेळी पुढचं आंतरराष्ट्रीय तिकीट दाखवून नोंद केली असेल आणि मधे ठरावीक तास ठेवले असतील, तर उशिराची जबाबदारी पहिल्या कंपनीनं घ्यावी. सगळी नवी तिकिटं द्या असं म्हणत नाही. पुढचं तिकीट बदलण्याचा आकार दिला, आणि परदेशी कंपनीनं अशा प्रवाशाला नो-शो धरून परतीचं तिकीट मारलं नाही, एवढं झालं तरी पुष्कळ.

उलटी तऱ्हाही आहे. एकाच तिकिटावर हैदराबादमार्गे निघालेल्याला पावसाचा रंग बघून आदल्या दिवशी बसनं जावंसं वाटलं, तर पहिला टप्पा सोडला म्हणून पुढचं सगळं रद्द होतं. चोवीस तास आधी कळवून पहिला टप्पा सोडायची मुभा द्या. त्या सीटवर कंपनी दुसरा माणूस बसवेल, तिचं काय जातंय?

आणि संकेतस्थळांचं. दोन वेगळी तिकिटं जोडून एकच प्रवास असल्यासारखी विकतात, आणि 'सेल्फ ट्रान्सफर', म्हणजे मधला बदल आपला आपण करायचा, हे बारीक अक्षरात. लंडनमार्गे असं तिकीट घेतलं तर बॅग घ्यायला बाहेर यावं लागतं, त्याला बहुतेकांना ब्रिटनचा व्हिसा लागतो. नसेल तर माणूस मुंबईच्या काउंटरवरूनच परत. पैसे भरायच्या आधी ठळक मराठीत लिहायला लावा, की पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याची हमी नाही. आम्हा एजंटांनाही तोच नियम लावा, माझी तक्रार नाही.

नवी मुंबईचा विमानतळ 25 डिसेंबर 2025 ला सुरू झाला. पुण्याकडून गाडीनं येणाऱ्या आमच्यासारख्यांना तो सोयीचा. पण नवी मुंबईला उतरून सहारला दुसरं विमान पकडायचं म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या वेळापत्रकाला हात लावण्याआधी एकदा संध्याकाळी स्वतः गाडीत बसून बघावं ही विनंती. मंत्र्यांचा ताफा न घेता.

पुढच्या सप्टेंबरच्या तिकिटांची चौकशी माझ्या दुकानात सुरू झालीय. निर्णय त्याआधी व्हावा.

आपला,
राजारामपुरीतला एक तिकीटवाला

ता. क. हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: विमान चुकलं, तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असलं, तरी सरकारी कर आणि विमानतळाचं प्रवासी शुल्क परत मिळतं. कंपनी आपणहून सांगत नाही. लेखी मागा, आणि टाळाटाळ झाली तर एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार टाका.