महानगराची सहल : यादी आवरा, सोबत जपा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शनिवार-रविवारच्या पुरवण्यांमध्ये ‘अठ्ठेचाळीस तासांत अमुक महानगर’ अशा धर्तीचे लेख गेली काही वर्षे सातत्याने वाचायला मिळतात. वीस-पंचवीस ठिकाणांची नावे, प्रत्येकासमोर नेमून दिलेली वेळ आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाण्याचा मार्ग अशी त्यांची मांडणी असते. हे लेख कष्टाने लिहिलेले असतात, यात शंका नाही. परंतु चार-सहा मित्रमैत्रिणींनी सहज ठरवून एखाद्या मोठ्या शहरात दोन दिवस काढायचे म्हटले, तर त्यांना ही मांडणी उपयोगी पडत नाही, उलट त्यांच्या सहलीचा मूळ हेतूच ती बाजूला सारते, असे माझे स्पष्ट मत आहे. अशी मंडळी शहरासाठी जातात त्यापेक्षा एकमेकांसाठी अधिक जातात. नोकरी, घर आणि जबाबदाऱ्या यांतून सर्वांना एकाच वेळी मोकळे झालेले ते दोन दिवस असतात, आणि ते यादी पुरी करण्याच्या धावपळीत खर्ची पडावेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मुळात ही यादी पुरी होणे शक्यच नसते, हे साध्या हिशेबाने दिसते. लंडन महानगराचे क्षेत्रफळ सुमारे १,५७२ चौरस किलोमीटर आहे, तर टोकियोचे मधले २३ विभाग मिळून सहाशे चौरस किलोमीटरांहून अधिक जागा व्यापतात. एवढे कशाला, पॅरिसमधील लूव्हर या एकाच संग्रहालयात पस्तीस हजारांच्या आसपास कलावस्तू मांडलेल्या आहेत. प्रत्येकीसमोर केवळ दहा सेकंद थांबायचे ठरवले, तरी न झोपता, न बसता चार दिवस आणि चार रात्री लागतील. त्यातच माणसाच्या शरीराची आणि लक्षाची मर्यादा वेगळीच. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाचे सचिव बेंजामिन आयव्हज गिलमन यांनी १९१६ साली, संग्रहालय पाहताना प्रेक्षकाला किती वाकावे, वळावे आणि ताणावे लागते, हे छायाचित्रे काढून दाखवले होते. पाहण्यातून येणाऱ्या या थकव्याची तेव्हापासून अभ्यासकांनी दखल घेतली आहे. आपली प्रवासाची पाने मात्र सकाळी एक संग्रहालय, दुपारी दुसरे आणि संध्याकाळी मनोरा असा क्रम निःशंकपणे सुचवतात. संध्याकाळी त्या मनोऱ्यावर पोहोचलेल्या माणसांत बोलण्याचेही त्राण उरलेले नसते, आणि मग क्षुल्लक कारणावरून होणारी कुरबुर सहलीची आठवण बनून राहते.

माझे म्हणणे असे की, दोन दिवसांसाठी शहराचा एकच भाग निवडावा आणि तो पायी पाहावा. माणूस रमतगमत तासाला चारेक किलोमीटर चालतो. दोन-अडीच तासांच्या चालण्यात मावेल एवढा परिसर एका दिवसाला पुरेसा असतो. न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क ८४३ एकरांचे असून सुमारे चार किलोमीटर लांब आहे. ते आणि त्याच्या कडेचे एखादे संग्रहालय, एवढ्यात एक पूर्ण दिवस उत्तम जातो. त्या दिवसात पूल, बंदर, पुतळा आणि उंच इमारती कोंबण्याचे काहीच कारण नाही. पायी फिरण्याचा मोठा लाभ हा की, रस्ते एकमेकांना कसे जोडलेले आहेत, हे माणसाला कळते, आणि चालताना गप्पा तुटत नाहीत. भुयारी रेल्वेने फिरणाऱ्याला शहर तुकड्यातुकड्यांनी दिसते. एका भोकातून आत जायचे आणि दुसऱ्यातून बाहेर यायचे, मधले सगळे अंधारात.

भुयारी रेल्वेच्या नकाशांबद्दल येथे थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते, कारण नवख्या माणसाची फसगत तेथेच अधिक होते. लंडनच्या भुयारी रेल्वेत काम केलेले आरेखक हॅरी बेक यांनी १९३१ साली तयार केलेला आणि १९३३ साली प्रवाशांच्या हाती आलेला नकाशा जगभरच्या अशा नकाशांचा आदर्श ठरला. त्यात रेषा सरळ, वळणे ठरावीक कोनांची आणि स्थानकांमधील अंतरे सोयीनुसार समान केलेली आहेत. गाडी कोठे बदलावी, हे त्यावरून चटकन कळते, आणि त्या कामासाठी तो नकाशा अजोड आहे. मात्र प्रत्यक्ष अंतर किती, हे तो सांगत नाही, कारण ते सांगण्यासाठी तो काढलेलाच नाही. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या लागोपाठच्या स्थानकांमधील अंतर जेमतेम २६० मीटर आहे. नकाशा पाहून गाडीत बसणाऱ्याला जिने, फलाट, वाट पाहणे आणि पुन्हा वर येणे यांत जितका वेळ लागतो, त्यापेक्षा कमी वेळात चालणारा तेथे पोहोचतो. प्रवासाच्या पानांवर वाहतुकीचा नकाशा छापताना त्याशेजारी चालण्याची अंतरे दाखवणारा छोटा नकाशाही छापला, तर वाचकांचे किती तास वाचतील!

आता सोबतीविषयी. गट जितका मोठा, तितका तो एकत्र ठेवण्यात वेळ अधिक जातो, हे अनुभवाने सर्वांनाच ठाऊक आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, सहज चाललेल्या गप्पांचा एक गट साधारणपणे चार माणसांपर्यंतच टिकतो. पाचवे-सहावे माणूस आले की, गप्पा आपोआप दोन ठिकाणी विभागल्या जातात. म्हणजे आठ जणांनी दिवसभर एकत्रच चालले पाहिजे, हा आग्रह स्वभावाच्याच विरुद्ध आहे. ज्यांना चित्रे पाहायची आहेत त्यांनी चित्रे पाहावीत, ज्यांना नदीकाठी बसायचे आहे त्यांनी बसावे आणि ठरल्या वेळी सर्वांनी पुन्हा भेटावे. असे काही तास वेगळे होण्यात मैत्रीला काही बाधा येत नाही. उलट संध्याकाळी प्रत्येकाकडे सांगण्यासारखे काही असते, आणि एकाने पाहिलेले दुसऱ्याला ऐकायला मिळते.

पुन्हा भेटण्यासाठी जागा मात्र नेमकी हवी. ‘स्थानकाबाहेर भेटू’ हे मोठ्या शहरात पुरेसे नसते, कारण स्थानकाला डझनावारी दरवाजे असू शकतात. मोठ्या शहरांतील लोकांनी स्वतःसाठी भेटीच्या खुणा पिढ्यानपिढ्या राखल्या आहेत, हे मला नेहमीच फार हृद्य वाटत आले आहे. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकातील चौकशी-कक्षावरचे चारतोंडी घड्याळ, लंडनच्या वॉटर्लू स्थानकात टांगलेले मोठे घड्याळ, बर्लिनच्या अलेक्झांडरप्लाट्झवरील १९६९ सालचे जागतिक घड्याळ ही त्याची उदाहरणे. टोकियोच्या शिबुया स्थानकाबाहेर हाचिको या कुत्र्याचा पुतळा आहे. मालकाच्या मृत्यूनंतरही वर्षानुवर्षे स्थानकावर येऊन त्याची वाट पाहणाऱ्या या कुत्र्याचा पहिला पुतळा १९३४ साली उभारला गेला. युद्धकाळात तो वितळवण्यात आला आणि १९४८ साली नवा बसवण्यात आला. तेव्हापासून किती मित्रांनी तेथे एकमेकांची वाट पाहिली असेल! गर्दीत मोबाइलचे जाळे कोलमडते, बॅटरी संपते, फोन खिशातच वाजत राहतो. अशा वेळी सकाळीच ठरवून ठेवलेली एक खूण आणि एक वेळ सर्वांची काळजी मिटवते. भेटीची ही जागा निवाऱ्याची, उजेडाची आणि बसता येईल अशी असावी, विशेषतः एखादी मैत्रीण रात्री एकटी तेथे थांबणार असेल तर.

पैशाचा विषय मित्रांमध्ये सहसा कोणी काढत नाही, आणि म्हणूनच तो येथे मांडणे मला आवश्यक वाटते. एका गटात सर्वांची मिळकत सारखी नसते. महागडे तिकीट, महागडी खोली ठरत असताना ज्याला ते परवडत नाही तो गप्प बसतो, होकार देतो आणि पुढच्या वेळी काहीतरी कारण सांगून येत नाही. मैत्री तुटल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून बेत ठरवतानाच, कोणालाही आपली अडचण बोलून दाखवावी लागणार नाही, इतक्या बेताच्या खर्चाचा तो ठरवावा, आणि ज्यांना अधिक काही हवे त्यांनी ते आपल्या वेगळ्या वेळात, आपल्या खर्चाने करावे. हा विचार नवा नाही. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनाला साठ लाखांहून अधिक प्रेक्षकांनी भेट दिली. त्यांपैकी अनेक कामगार आपापल्या गावी मंडळे स्थापून, कित्येक महिने दर आठवड्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकून, खास गाड्यांनी तेथे आले होते. सहलींचे आयोजक टॉमस कुक यांनी एकट्यांनीच सुमारे दीड लाख माणसे तेथे आणली, असे सांगितले जाते. सामान्य माणसाच्या हाती महानगराची सहल आली ती अशा समजूतदार, सर्वांना पेलणाऱ्या नियोजनामुळे.

आणि हा मोकळा दिवस तरी सहज कोठे मिळाला आहे? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांनी लढा दिला, तेव्हा कोठे १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. इतक्या झगड्यातून लाभलेल्या विश्रांतीच्या दिवसाला तासागणिक वेळापत्रक लावणे मला पटत नाही.

काही व्यावहारिक माहिती मात्र अशा सहलीला अत्यावश्यक असते, आणि नेमकी तीच आपल्या लेखांत क्वचित सापडते. लूव्हर मंगळवारी बंद असते, पॅरिसचेच ओर्से संग्रहालय सोमवारी, हैदराबादचे सालारजंग संग्रहालय आणि आग्र्याचा ताजमहाल शुक्रवारी. व्हॅटिकनची संग्रहालये तर महिन्यातील शेवटचा रविवार वगळता रविवारी उघडतच नाहीत. रविवारला जोडून सोमवारची रजा काढणाऱ्यांना अनेक शहरांत बंद दारे पाहावी लागतात, कारण शनिवार-रविवार काम केलेल्या कर्मचाऱ्यांना विश्रांती हवीच असते. रात्रीच्या शेवटच्या गाडीचेही तसेच. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे रात्रभर चालते. लंडनमध्ये २०१६ पासून काही मार्गांवर केवळ शुक्रवारी आणि शनिवारी रात्री ती चालू राहते. टोकियोत मात्र मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात गाड्या थांबतात आणि पहाटेपर्यंत सुरू होत नाहीत. एका शहराचा अनुभव दुसऱ्या शहरात गृहीत धरणाऱ्या गटाची रात्र रस्त्यावर जाऊ शकते. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे आणि बसायची बाके यांचीही माहिती हवी. रोममध्ये अडीच हजारांच्या आसपास सार्वजनिक नळकारंजी आहेत आणि पॅरिसमध्ये रिचर्ड वॉलेस यांच्या देणगीतून १८७२ पासून उभारलेली कारंजी आजही तहान भागवतात. गटात एखाद्याचे गुडघे दुखत असतील, एखादी गर्भवती असेल, तर तिसऱ्या मनोऱ्याच्या उंचीपेक्षा जवळचे बाक कोठे आहे, हे त्यांना आधी कळायला हवे.

ज्या शहरात आपण जातो ते तेथील रहिवाशांचे घर असते, हेही या लेखांनी सांगितले पाहिजे. सहा जणांनी पदपथावर हात धरून एका ओळीत चालू नये, राहत्या गल्लीत रात्री उशिरा मोठ्याने हसू नये, अनोळखी माणसांच्या मुलांची छायाचित्रे काढू नयेत. सरकत्या जिन्यावर लंडनमध्ये उजवीकडे उभे राहतात, टोकियोत बहुधा डावीकडे. आधी पाहावे आणि मग तसे वागावे. अल्पकाळाच्या पाहुण्यांची गर्दी अनावर झाल्याने व्हेनिसने २०२४ पासून ठरावीक दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेण्यास सुरुवात केली. त्याच त्या पाच ठिकाणांची नावे प्रत्येक यादीत छापली जात राहिली, तर सगळी गर्दी तेथेच लोटणार आणि इतर शहरांनाही असेच उपाय शोधावे लागणार, हे उघड आहे.

म्हणून माझी आपणास विनंती आहे की, प्रवासाच्या पानावर एका वेळी एका शहराचा एकच भाग घ्यावा. त्यासोबत चालण्याच्या अंतराचा नकाशा, साप्ताहिक सुट्टीचे वार, शेवटच्या गाडीची वेळ, पाण्याची आणि बसण्याची ठिकाणे, तसेच भेटीसाठी योग्य अशी एखादी जागा द्यावी. ठिकाणांची संख्या पाचाच्या पुढे जाऊ नये, आणि त्यांतील दोन तरी अशी असावीत, जेथे तिकीट काढावे लागत नाही. लेखकाने ती वाट स्वतः, शक्यतो मित्रांसोबत, चालून पाहिलेली असावी आणि तिला प्रत्यक्षात किती वेळ लागला, हे प्रामाणिकपणे नमूद करावे. माहिती बदलते, त्यामुळे लेखाखाली ती कोणत्या तारखेला तपासली, हेही छापावे.

कळावे.
आपला विश्वासू,
एक नियमित वाचक