आई-बाबा, निळी गाडी मी देऊन टाकली

प्रिय आई आणि बाबा,

आई, हे पत्र तू आधी वाच आणि मग बाबांना मोठ्याने वाचून दाखव, नवीन चष्मा करून दिलाय तरी ते जुनाच लावतात. तीन रविवार फोनवर सांगायचं ठरवत होतो, पण बाबांनी "बॅटरी चार्जला लावलीस ना?" विचारलं की पुढचं घशातच राहायचं. आता लिहूनच टाकतो. आपली निळी जॅग्वार मी देऊन टाकली. विकली नाही, दान दिली. गुरुवारी सह्या झाल्या आणि ट्रक येऊन घेऊन गेला.

बाबा, लगेच उठून फेऱ्या घालू नका, बसा आणि पुढचं ऐका.

पैशाची अडचण अजिबात नाही, नोकरी नीट आहे, घराचे हप्ते चार वर्षांत संपतील, मुलांच्या फीचे पैसे वेगळे काढलेत, सूनबाईला विचारूनच केलंय, उलट तिनेच शेवटी म्हटलं की आता ठरव. तुमच्याकडे दर महिन्याला येतात त्यात एक रुपया कमी होणार नाही, कामाच्या मावशी, रात्रीचा मुलगा, सोसायटीच्या लिफ्टची वर्गणी, सगळं आहे तसंच चालू राहील.

मग का दिली? खरं सांगायचं तर तुम्ही २०१८ नंतर इकडे ब्रिटनला आला नाहीत, आणि अँजिओप्लास्टीनंतर आता येणं होणारही नाही, हे मला कळत होतं पण मान्य करवत नव्हतं. त्या वेळी मी तिसऱ्या दिवशी पोचलो, ते अजून मनातून जात नाही. गाडी गॅरेजमध्ये चादर पांघरून उभी असायची, मी शनिवारी जाऊन नुसता बॉनेटवर हात ठेवून यायचो. २००५ साली ती आपण घेतली तेव्हा फ्लोअर गंजून जमीन दिसत होती आणि आई म्हणाली होती, "हे भंगार आणलंस होय?" बॉनेटचा तो एवढा मोठा पुढचा भाग तुम्ही डॉलीचा लोखंडी ठोकळा आणि हातोडी घेऊन दोन उन्हाळे ठोकत बसलात. इथला पत्र्याचं काम करणारा म्हातारा बघायला आला, तर तुमच्या बोटांकडेच बघत राहिला. आणि तिन्ही कार्ब्युरेटर जुळवताना रबरी नळी कानाला लावून डोळे मिटून तुम्ही हवेचा आवाज ऐकायचात, मी बाजूला टॉर्च धरून, म्हणजे चाळिशीच्या जवळ आलेला माणूस, पण मला पिंपरीत तुमच्या सायकलच्या दांड्यावर बसल्यासारखं वाटायचं. २००८ ला टाटांनी जॅग्वार घेतली तेव्हा तुम्ही टाटांच्याच टेल्कोचे म्हणून अख्ख्या सोसायटीत पेढे वाटलेत. हे सगळं माझ्याकडेच आहे बाबा, ट्रकमधून गेलं नाही.

आता कुणाला दिली ते. आरएनएलआय, म्हणजे समुद्रात अडकलेल्यांना काढणारी इथली संस्था. १८२४ सालची आहे, सरकारी नाही, मुख्यतः लोकांनी दिलेल्या पैशावर चालते आणि बोटीवर जाणारे बहुतेक स्वयंसेवक असतात, कोणी सुतार, कोणी शिक्षक, बोलावणं आलं की हातातलं काम टाकून धावतात. रिचर्ड कोल्टन नावाच्या एका गृहस्थांनी मृत्युपत्रात आपल्या दोन फेरारी या संस्थेला दिल्या होत्या, एक १९६० ची, एक १९६७ ची, २०१५ मध्ये डक्सफर्डला लिलाव झाला आणि ८० लाखांहून जास्त पौंड मिळाले. त्यांच्या आणि बायकोच्या नावाची बोट हेस्टिंग्जला आहे, मागच्या वर्षी मुलांना घेऊन मुद्दाम बघायला गेलो. तिथे मासेमारी बोटी बंदरात नसतात, हर्णैसारख्या किनाऱ्यावरच ओढून ठेवतात, जाळी वाळत पडलेली, वासही तोच. लाइफबोटसुद्धा किनाऱ्यावरूनच ट्रॅक्टरसारख्या गाडीने पाण्यात ढकलतात आणि ती २५ नॉटने, म्हणजे ताशी साधारण ४६ किलोमीटरने सुटते. मी तिथे उभा राहिलो आणि मला नानाकाकाच दिसला. त्या रात्री आपल्याकडे किनाऱ्यावर कंदील घेऊन उभं राहण्यापलीकडे काही नव्हतं. तुम्ही त्याच्याबद्दल बोलत नाही, मीही जास्त लिहीत नाही. नारळी पौर्णिमेला तुम्ही जो जास्तीचा नारळ सोडता, तसंच समजा.

आपल्या एका गाडीत अख्खी बोट येणार नाही, ते मला माहितीय. पण १९६१ ची जॅग्वार ई-टाइप, तीही बॉनेटची कुलपं बाहेरून असलेली, तशा पहिल्या साधारण ५०० च झाल्या, त्यामुळे किंमत चांगली येईल असं ते म्हणाले. तुम्ही विचाराल की आधी विकून पैसे का नाही दिले. पैसे दिले तर सरकार प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स वर घालतं खरं, पण तेवढा इन्कम टॅक्स किंवा कॅपिटल गेन्स टॅक्स मी भरलेला लागतो, नाहीतर फरक माझ्या अंगावर येतो. म्हणून गाडीच दिली, लिलाव ते करतील. तुमच्या वहीतल्या नोंदी आणि सगळे फोटो फाइलमध्ये लावून दिलेत, जो घेईल त्याला कळू दे की हे पत्र्याचं काम कोणाचं आहे.

तुम्हाला न विचारता केलं याचं वाईट वाटतंय. विचारलं असतं तर तुम्ही "तुझी गाडी, तुला वाटेल ते कर" म्हणाला असता आणि दोन दिवस जेवला नसता. रागवायचं असेल तर रागवा, पण जेवून रागवा.

आता ऐका. रक्त पातळ करायची गोळी चुकवायची नाही, बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने तर अजिबात बंद करायची नाही. गच्चीवरच्या टाकीत डोकवायला जिना चढायचा नाही, वॉचमनला सांगा. आई, लोणच्याची फोड एकच, आणि त्यांनी मागितली तरी दुसरी नाही. तुझ्या गुडघ्याचा एक्स-रे या आठवड्यात काढून मला फोटो पाठव. गणपतीला मी दहा दिवस येतोय, तिकीट काढलंय.

एक पार्सल येईल, सही करून घ्या. गाडीसोबत कंपनीची टी-चावी दिली, पण बॉनेट उघडायला तुम्ही पिंपरीहून घासून आणलेली ती दुसरी चावी मी दिली नाही. ती त्यात आहे. देव्हाऱ्यात नका ठेवू, तुमच्या हत्यारांच्या पेटीतच ठेवा.

तुमचा,
बाळ