आमवाताच्या रुग्णाचा रक्तदाब कोण मोजणार? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी फिजिशियन आहे. आमवात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो आजार (रुमेटॉइड आर्थ्रायटिस). त्याचे रुग्ण माझ्याकडे येतात तेव्हा सोबत जुन्या केसपेपरची चळत असते. कोणते सांधे सुजलेत, दाह (अंतर्गत सूज) दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांत ईएसआर किती, सीआरपी किती, सगळं नीट लिहिलेलं. बीपीच्या रकान्यात मात्र पुष्कळदा नुसती आडवी रेघ. त्याबद्दलच हे पत्र आहे.

रक्तदाब म्हणजे हृदय, रक्तवाहिन्या, मूत्रपिंड आणि मीठ यांचा मामला, असं आम्ही शिकलो. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. २००७ साली अमेरिकेत डेव्हिड हॅरिसन यांच्या प्रयोगशाळेत टोमाश गुझिक आणि सहकाऱ्यांनी टी आणि बी या दोन्ही प्रतिकारपेशी जन्मतःच नसलेले उंदीर घेतले. अँजिओटेन्सिन-२ हे रक्तदाब वाढवणारं संप्रेरक दिलं की एरवी उंदराचा रक्तदाब चांगलाच चढतो. या उंदरांचा तितका चढेना. मग त्यांना टी-पेशी टोचल्या आणि तो चढू लागला. बी-पेशी टोचून तसं झालं नाही.

पुढच्या संशोधनातून ही साखळी बरीच उलगडली. टी-पेशींना परक्याची ओळख करून देणाऱ्या डेंड्रायटिक पेशींमध्ये ऑक्सिडीकरण झालेल्या स्निग्ध पदार्थांची संयुगं प्रथिनांना चिकटतात आणि शरीर त्या प्रथिनांना परकं समजू लागतं. टी-पेशी खवळतात, रक्तवाहिन्यांभोवती आणि मूत्रपिंडात ठाण मांडतात, इंटरल्यूकिन-१७ व इंटरफेरॉन-गॅमा ही दाह भडकवणारी रसायनं सोडतात. वाहिन्या कडक होतात, मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं. मला सर्वांत बोलका वाटतो तो २०१० मधला निष्कर्ष: इंटरल्यूकिन-१७ नसलेल्या उंदरांचा दाब सुरुवातीला चढला, पण तसा टिकला नाही. दाब चढायला निमित्त काहीही असो, त्याला मुक्काम करायला लावण्यात दाहाचा हात असतो.

माणसांतही आमवात, सोरायसिस (त्वचेचा विकार) आणि ल्युपस अशा दाहाच्या आजारांच्या रुग्णांमध्ये उच्च रक्तदाब अधिक आढळतो. त्यात वेदनाशामक डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, शिवाय प्रतिकारशक्ती दाबणारी प्रेडनिसोलोन, सायक्लोस्पोरिन ही औषधंही दाब वाढवू शकतात. म्हणजे ज्याचं बीपी सगळ्यात आधी मोजायला हवं, त्याचंच राहून जातं. २०२४ साली जगात ३० ते ७९ वयोगटातल्या सुमारे १४० कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना त्याचा पत्ताच नव्हता, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

कृपया यावरून ‘दाह कमी करणारं औषध घ्या, बीपी उतरेल’ असा अर्थ कुणाला काढू देऊ नका. २०१७ च्या कँटोस चाचणीत दहा हजारांवर रुग्ण होते. कॅनाकिनुमॅब या दाहविरोधी इंजेक्शनने हृदयविकाराचे झटके कमी झाले, रक्तदाब मात्र उतरला नाही. तेव्हा असले दावे करणाऱ्या जाहिरातींना आळा घाला. मीठ कमी करणं आणि बीपीच्या नेहमीच्या गोळ्या, हाच आजही भरवशाचा मार्ग आहे.

माझी मागणी साधी आहे. संधिवात आणि त्वचाविकारांच्या बाह्यरुग्ण विभागांत प्रत्येक भेटीत बीपी मोजणं सक्तीचं करा. रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवून, दंडाच्या मापाचा पट्टा बांधून, हात हृदयाच्या पातळीवर टेकवून. वेदनाशामक दीर्घकाळ चालू राहणार असेल तर काही आठवड्यांत पुन्हा मोजायला बोलवा. आणि आदेशासोबत नर्सही द्या, नाहीतर रकाना भरायचा म्हणून सगळ्यांचं १२०/८० लिहिलं जाईल. असे कागदही मी पाहिले आहेत.

आणखी एक. समोरच्या रुग्णाचा रक्तदाब प्रामुख्याने दाहामुळे टिकून आहे की नाही, हे ठरवणारी खात्रीची रक्ततपासणी आज आम्हा डॉक्टरांच्या हाती नाही. उंदरांवरचं काम भरपूर झालंय. माणसांवरच्या अभ्यासासाठी येत्या अर्थसंकल्पात स्वतंत्र निधी ठेवावा, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक फिजिशियन