साहेब, वेल्ड आतून बघा

मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स.न.वि.वि.

पुणे औषधं आणि लसींचं केंद्र होणार, असं व्यासपीठावरून सारखं ऐकू येतं. होणार काय, बरंचसं झालंय. पण ते कशामुळे झालं, हे नव्या कंपन्यांना सवलती देताना विसरू नये, म्हणून हे पत्र.

भोसरी एमआयडीसीत माझं स्टेनलेसच्या टाक्या आणि पाइपिंगचं वर्कशॉप आहे. आधी डेअरीची कामं करायचो. मग एका लस कंपनीची ऑर्डर मिळाली आणि अख्खी परत आली. त्यांच्या पोरगेल्या इंजिनिअरनं पाइपात बोरोस्कोपचा कॅमेरा सरकवला. बाहेरून वेल्ड चकाचक, आत काळपट, खरबरीत कड. आर्गॉनचं पर्जिंग, म्हणजे वेल्ड मारताना पाइपात आर्गॉन वायू भरून आतली हवा घालवणं, कमी पडलं होतं. "काका, इथं जंतू बसतात, कितीही धुतलं तरी निघत नाहीत," तो म्हणाला. शिवाय कुठला वेल्ड कोणी, कधी मारला याची नोंदच नव्हती. त्या वर्षी मी बुडता बुडता वाचलो. पण तोच मुलगा पुढे कित्येक शनिवार येऊन माझ्या वेल्डरांना शिकवत होता. आज त्याच हातांवर आम्ही आणखी तीन कंपन्यांची कामं करतो. मोठी कंपनी गावाला देते ते हे. गेटावरच्या नोकऱ्या त्यामानाने थोड्या.

हे आजचंही नाही. पिंपरीत १९५४ साली सरकारनं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स काढली, पेनिसिलीनसाठी. पुढे ती आजारी पडली, पण माझा पहिला फोरमन तिथूनच निवृत्त होऊन आलेला. त्याआधी एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आली होती, विषाणूंवर काम करणारी संस्थाही, जी आज एनआयव्ही म्हणून ओळखतो. १९६६ साली पूनावालांनी हडपसरला सीरम ही लस कंपनी सुरू केली. त्यांच्या स्टड फार्मचे घोडे मुंबईला हाफकिन संस्थेत जायचे, तिथं घोड्यांच्या रक्तातून औषधाचं सीरम काढत. सीरम आपणच का काढू नये, असा साधा हिशेब. जानेवारी २०२१ मध्ये कोविशिल्डच्या पेट्या सीरमच्या मांजरी गावातल्या कारखान्यातून निघाल्या, तेव्हा त्यामागे एवढी वर्षं होती.

म्हणून विनंती अशी. सवलतींच्या करारात जमीन, वीज, स्टॅम्प ड्युटी सगळं येतं. त्यात एक कलम आमच्यासाठीही घाला. कंपनीनं स्थानिक पुरवठादारांना तपासून, शिकवून घ्यावं. आयटीआयच्या मुलांना क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळ-जंतू येऊ न देणाऱ्या खोलीत, उभं करावं. मुलांचा हात चांगला असतो, नोंदी ठेवायची सवय नसते. आणि भोसरी किंवा चाकणला पृष्ठभागाचा खरबरीतपणा मोजायची, वेल्ड तपासायची एक सामाईक सोय काढा. एकट्या वर्कशॉपला ती यंत्रं झेपत नाहीत.

पैशाचं काय बोलावं! लघुउद्योगाचं बिल चुकवायला कायद्यात जास्तीत जास्त ४५ दिवस आहेत. माझं एक बिल सातव्या महिन्यात निघालं. कंपनीचं नाव घेत नाही, पुढची ऑर्डर हवी आहे.

तो परत आलेला पाइप मी मधोमध कापून ऑफिसात टांगलाय. एकदा येऊन बघा. फक्त गुरुवार सोडून, त्या दिवशी एमआयडीसीला सुट्टी असते.

आपला,
भोसरीतला एक लघुउद्योजक