आनंदीबाईंऐवजी या वेळी रखमाबाई

प्रिय सुनंदा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. शाळेत मुलींना आनंदीबाई जोशींवर बोलायला लावणार आहेस, छानच. पण माझं ऐकशील तर या वर्षी डॉ. रखमाबाई घे. आनंदीबाई बाविशी गाठायच्या आत गेल्या, म्हणून आपल्याला हळहळायला सोपं जातं. रखमाबाई नव्वदीपर्यंत जगल्या, तीस-पस्तीस वर्षं दवाखान्यात राबल्या. अशा बाईवर भाषणं कोण करतंय!

योगायोग बघ. आनंदीबाई पुण्यात वारल्या २६ फेब्रुवारी १८८७ ला. आठवडाही उलटला नव्हता, तोच ४ मार्चला मुंबईच्या हायकोर्टानं रखमाबाईंना सुनावलं: नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. लग्न कधी लावलेलं, तर अकराव्या वर्षी! बाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. 'केसरी'नं केवढी झोड उठवली त्यांच्यावर. (टिळकांविषयी मला कितीही आदर असो, इथे ते चुकलेच.) शेवटी १८८८ मध्ये नवऱ्याला, म्हणजे दादाजींना, दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं.

खटला सगळेच सांगतात. मला मात्र १८८५ ची त्यांची 'टाइम्स ऑफ इंडिया'तली पत्रं जास्त भिडतात. 'एक हिंदू स्त्री' एवढीच सही. त्यांची मुख्य तक्रार अशी की सगळ्यांत प्रिय असलेलं शिक्षणच या बालविवाहानं हिरावलं. वीस-एकवीस वर्षांची मुलगी नवऱ्याबद्दल कमी आणि अभ्यासाबद्दल जास्त चिडलेली! मुलींना हे नक्की वाचून दाखव.

कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची पाठीशी उभ्या राहिल्या, वर्गणी जमली आणि १८८९ मध्ये बाई लंडनच्या स्त्रियांच्या मेडिकल स्कूलमध्ये दाखल झाल्या. १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या त्या सुरतेला, पुढे राजकोटला. सुरतेत बायका बाळंतपणाला दवाखान्यात यायलाच घाबरायच्या. तेव्हा बाईंनी म्हणे एक गाभण शेळी आणून दवाखान्यातच व्यायला लावली! शेळी-करडू धडधाकट बघितल्यावर बायकांची भीड चेपली. भाषणं देऊन हे झालं असतं का गं?

एक गोष्ट मात्र माझ्या पचनी पडत नाही. १९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा रखमाबाई विधवेसारखी पांढरी साडी नेसू लागल्या म्हणतात. ज्याच्याकडे जायचं नाही म्हणून तुरुंगात जायची तयारी दाखवली, त्याच्यासाठी? दवाखान्यात येणाऱ्या बायकांना बिचकायला आणखी एक कारण नको म्हणून असेल, असं मी आपलं धरून चालते. मुलींना सांगायचं की नाही ते तू ठरव; मी असते तर सांगितलं असतं आणि त्यांनाच विचारलं असतं.

काकूंना नमस्कार. कार्यक्रम कसा झाला ते कळव.

तुझी,
मीरा