शनिवारचे बारा ब्रेड

नौपाडा, ठाणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

नेरुळच्या घरातून ब्रेड करून द्यायचं पक्कं केलंस, वाचून फार आनंद झाला. ओव्हन कुठला घ्यावा असं विचारलंस, पण त्याआधीचं एक सांगतो. घरपोच देऊ नकोस, लोकांना न्यायला येऊ दे. वार एक, तास एक, जागा एक. शनिवारी संध्याकाळी 6 ते 7, म्हणजे रविवारच्या न्याहारीला ब्रेड ताजा. घरपोच दिलास तर पिशवी कडीला अडकते आणि कोणी कोणाचं तोंड पाहत नाही. खाली न्यायला आलं की ए विंगच्या आजींना सी विंगमधली नवी भाडेकरू भेटते. बाकी सगळं वेळापत्रक त्या एका तासापासून उलटं मोजायचं.

40 लिटरच्या ओटीजीत, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, 8 बाय 4 इंचांचे दोन टिन बसतात आणि भोवती गरम हवा फिरायला जागा राहते. एका जोडीला 200 अंशांवर 30 ते 35 मिनिटं, ओव्हन पुन्हा तापायला पाच. म्हणजे सहा जोड्या, चार तास, बारा ब्रेड. दुपारी 12 ला पहिली जोडी आत, 4 ला शेवटची बाहेर, मग निवायला दोन तास. याहून जास्त ऑर्डर सुरुवातीला घेऊ नकोस. ओटीजीला 16 अँपिअरचं सॉकेट लागतं. एक्स्टेंशन बोर्डावर चालवू नकोस. आतलं तापमान दाखवणारा छोटा थर्मामीटर घे, कारण बटणावरचा आकडा आणि खरं तापमान यांत फरक असतो.

बारा ब्रेडसाठी: मैदा 1860 ग्रॅम, गव्हाचं पीठ 1240, पाणी 2100, मीठ 62, इन्स्टंट यीस्ट 12, तेल आणि साखर प्रत्येकी 93. गोळे 450 ग्रॅमचे. पाणीसुद्धा काट्यावर मोज, वाटीवर नको. चक्कीच्या पिठात स्टार्च जास्त फुटलेलं असतं, ते पाणी खूप ओढतं आणि त्यातला कोंडा ग्लुटेनचे, म्हणजे ब्रेडला उभं धरणारे चिवट धागे कापतो. म्हणून दोन्ही पिठं आणि पाणी कालवून अर्धा तास झाकून ठेव, मग यीस्ट, मीठ, साखर आणि शेवटी तेल घालून मळ. साडेपाच किलो एकदम हाताने मळणं अवघड आहे, दोन भाग कर. नुसत्या खपली गव्हाच्या पिठाचा ब्रेड टिनमध्ये नीट उभा राहत नाही, तो आग्रह कोणी धरला तर सरळ नाही म्हण.

आपल्याकडची खरी अडचण उष्मा. मळून झाल्यावर गोळा 26 अंशांच्या आसपास हवा. खोली, पीठ आणि पाणी असे तीन, म्हणून 26 गुणिले 3 म्हणजे 78. त्यातून खोलीचं तापमान, पिठाचं तापमान आणि मळण्याच्या उष्णतेचे साधारण 4 वजा कर, उरेल ते पाण्याचं तापमान. खोली 31, पीठ 31 असेल तर पाणी 12 अंशांचं हवं, म्हणजे फ्रीजमधलं. नळाचं घेतलंस तर गोळा तासाभरात फसफसतो, आंबूस होतो आणि भाजताना मध्ये बसतो. लोकांना वाटतं यीस्ट खराब होतं; बहुतेक वेळा यीस्ट चांगलं असतं, ऊब जास्त झालेली असते.

मळायचं शुक्रवारी रात्री आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं, पण सगळं एकाच पातेल्यात ठेवू नकोस. मोठा गोळा मधोमध तासन्‌तास गरमच राहतो आणि फुगत सुटतो. पसरट डब्यांत, चार बोटांहून कमी थर करून ठेव. सकाळी 10 ला पहिले दोन गोळे बाहेर, वळून टिनमध्ये. पुढची जोडी दर 40 मिनिटांनी. बोटाने हलकं दाब: खळगा हळूहळू भरला तर ओव्हनमध्ये घाल, झटकन भरला तर थांब, भरलाच नाही तर उशीर झाला. ब्रेडच्या पोटात थर्मामीटर खुपसला तर 94-95 अंश दिसायला हवेत. मध्येच वीज गेली तर ओव्हनचं दार उघडू नकोस. टिनमधले पुढचे गोळे लगेच फ्रीजमध्ये टाक.

कोमट ब्रेड पिशवीत भरलास तर वाफ आत अडकते आणि जुलैत लवकर बुरशी येते. पावसाळ्यात आणखी एक त्रास: कापलं की आत चिकट तार सुटते, पिकून गेलेल्या खरबुजासारखा वास येतो. तो जिवाणूंचा खेळ, त्यांचे बीजाणू भाजूनही मरत नाहीत. मळायच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घाल, शंभर ग्रॅम पिठाला एक ग्रॅम या प्रमाणात, आणि ओटा, टिन, सुऱ्या व्हिनेगरनेच पूस. लोकांना सांग, ब्रेड फ्रीजमध्ये ठेवला की लवकर शिळा लागतो. काप करून फ्रीझरमध्ये ठेवावा.

कागदपत्रांत एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आधी, तिचा 14 आकडी क्रमांक लेबलावर. भाजल्याची तारीख आणि घटक स्पष्ट लिही. दूध, अंडं असेल तर ठळक. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी भेटून परवानगी घे. ऑर्डर गुरुवारी रात्री बंद. संकष्टी रविवारी आली तर ब्रेड कमी कर, श्रावणात आधी विचार. काही जैन घरांत यीस्ट चालत नाही, त्यांना आग्रह नको. पाववाल्याशी स्पर्धाही नको. लादीपाव त्याचाच चांगला, तू गव्हाचा आणि मऊ कडेचा कर, दात नसलेल्यांनाही जमेल असा.

आणि आंबवण, म्हणजे यीस्टऐवजी ब्रेड फुगवायला जपून ठेवलेलं आंबलेलं पीठ. दारात वाटीभर विरजण मागायला येणारी माणसं आपण पाहिली आहेत. हेही तसंच वाटायचं. मैदा-पाण्याचं आंबवण चिनी मातीच्या बरणीत घाल. त्याला अधूनमधून नवं पीठ-पाणी द्यायचं, त्यालाच खाऊ घालणं म्हणतात. इथल्या हवेत जुनं, पीठ, पाणी समसमान घातलं तर तीन-चार तासांत उतू जातं, म्हणून 10 ग्रॅम जुनं, 50 पीठ, 50 पाणी असं प्रमाण ठेव. कोणी मागितलं तर 50 ग्रॅम दे, खाऊ कसा घालायचा त्याची चिठ्ठी बरणीला चिकटव. त्याचं मेलं तर पुन्हा दे, त्याचे पैसे घेऊ नकोस. महिन्यातून एक शनिवार त्यांच्या बरण्या, त्यांचे ब्रेड कट्ट्यावर मांडू दे.

बारापैकी एक ब्रेड दर वेळी वॉचमनच्या केबिनमध्ये जाऊ दे, हिशोबात तो आधीच धर. पहिल्या शनिवारी सहाच कर. वेळापत्रक कुठे चुकतं ते लिहून ठेव आणि मला कळव, शक्यतो खोलीच्या आणि गोळ्याच्या तापमानासकट. वहिनींना नमस्कार.

तुझा मित्र