कार्यक्रमाचा हिशेब देवघेवीच्या टेबलावर मांडा

महोदय,

वाचनालयांत वाचक उरले नाहीत, अशी तक्रार जिल्ह्यात सगळीकडे ऐकू येते. त्यावर उपाय म्हणून कार्यक्रम होतात. पण ते बहुधा १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन यांच्यापुरते. आमच्या तासगाव-पलूस पट्ट्यात पहिला दिवस द्राक्षांच्या फळछाटणीत येतो आणि दुसरा ऐन काढणीत. त्या दिवसांत बागायतदार आणि मजूर बाया सभागृहात येणार कधी? एप्रिलच्या खरड छाटणीची कामे उरकल्यावर जुलै ते सप्टेंबर थोडी उसंत असते. शेतकरी कुटुंबांसाठीचे कार्यक्रम तेव्हाच घ्यावेत, आणि महिलांसाठी दुपारी दोन ते चार या वेळेत. संध्याकाळी सहाची वेळ पुरुषांच्या सोयीची. त्या वेळी घरात चूल पेटलेली असते.

तारखेपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे कार्यक्रमाचा शेवट. हार-नारळ, व्याख्यान, चहा झाला की लोक थेट दाराबाहेर जातात आणि देवघेव विभागाला, म्हणजे पुस्तके घरी देण्या-घेण्याच्या टेबलाला, त्या वेळी कुलूप असते. किती खुर्च्या भरल्या, याला अर्थ नाही. पुढच्या पंधरा दिवसांत सभासदांची किती नवी कार्डे निघाली आणि किती पुस्तके घरी गेली, तेवढेच मोजावे.

मुलांचा वाचनतास हे याचे उत्तम उदाहरण. शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून दुपारी चारची वेळ चालते. सहा ते नऊ आणि दहा ते तेरा वर्षे असे दोन गट वेगळे बसवावेत; एकत्र बसवले की मोठी मुले कंटाळतात आणि लहान मुले गप्प होतात. एका गटात वीसपेक्षा जास्त मुले नकोत. पहिली पंधरा मिनिटे मोठ्याने वाचून दाखवावे, पुढची वीस मिनिटे मुलांनी स्वतः वाचावे, शेवटची दहा मिनिटे पुस्तक निवडून नोंद करण्यासाठी राखावीत. वीस मुलांत एकच प्रत फिरली तर उपक्रम महिन्याभरात बंद पडतो. जाड ग्रंथाऐवजी त्याच पैशांत पातळ, ठळक टायपाच्या, चित्रांच्या पुस्तकांच्या चार-पाच प्रती घ्याव्यात.

मुलांची गाडी अडते ती अनामतीपाशी. पालक कामावर असतात, सही राहून जाते, कार्ड निघत नाही. मुख्याध्यापकांच्या हमीवर शाळेमार्फत बिनअनामत सभासदत्व द्यावे. पुस्तक फाटले तर दंडही नको. दंडाच्या भीतीने मूल पुस्तक परत करायलाच येत नाही. फाटलेले पान चिकटपट्टीने मात्र जोडू नये, तिचा डिंक पिवळा पडून कागद कडक होतो. पातळ टिश्यू कागद आणि गव्हाच्या पिठाची ताजी खळ पुरते.

ज्येष्ठांसाठी घरपोच पुस्तक हा स्वस्तात चालणारा उपक्रम आहे. दर पंधरवड्याला एका स्वयंसेवकाने दहा-बारा घरे करावीत. सोबतच्या वहीत मागची तीन पुस्तके आणि वाचकाला झेपणारा टाइप लिहून ठेवावा. महाविद्यालयीन मुले परीक्षेच्या काळात गायब होतात, त्यामुळे प्रत्येक गल्लीला दोघे नेमावेत. नाहीतर वाट पाहणाऱ्या माणसाचा एकदा मोडलेला विश्वास पुन्हा बसत नाही.

स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका हवीच. घरी जागा नसलेल्या मुलांना तो मोठा आधार आहे. पण तिने वृत्तपत्रांचे टेबल गिळू नये. संदर्भपुस्तकांचे दोन संच ठेवावेत. एक जागेवर, दुसरा घरी न्यायला.

पैशाचा प्रश्न खरा आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड वर्गांनुसार अनुदान मिळते. ते वर्षातून दोन हप्त्यांत येते आणि हप्ता लांबला की पहिला घाव मासिकांच्या वर्गणीवर पडतो. गावाने नेमकी इथेच मदत करावी. जुनी क्रमिक पुस्तके आणि कालबाह्य गाइडे पोत्यात भरून देणे ही मदत नव्हे. ती दाखल नोंदवहीत, म्हणजे वाचनालयाच्या पुस्तकांच्या नोंदवहीत, चढवली की कपाटे अडतात आणि पुढे रद्द करायची तर रीतसर प्रक्रिया करावी लागते. वाचनालयाने दर तिमाहीला हव्या असलेल्या पुस्तकांची यादी दारावर लावावी. दात्याने त्यातले एक नवे पुस्तक द्यावे, किंवा एका मासिकाची वर्षाची वर्गणी भरावी.

नगरपालिकांनी आणि वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांनी यंदा एवढे तरी करावे: कार्यक्रम संपल्यानंतर तासभर देवघेव विभाग उघडा ठेवावा आणि त्या दिवशी निघालेल्या कार्डांचा आकडा वार्षिक अहवालात छापावा.

– एक ग्रंथालय कार्यकर्ता, तासगाव (जि. सांगली)